कोरड्या भिंतींची किंमत: आमच्या कॅम्पर खरेदीचे सात महिने

२०२४ च्या ऑक्टोबरअखेर मुलाच्या शाळेला शरदाची सुट्टी लागली आणि आम्ही आठवडाभरासाठी एक कॅम्पर, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, भाड्यानं घेतला. श्टुटगार्टजवळच्या एस्लिंगनहून निघून श्वार्त्सवाल्डचं जंगल, टिटीझे तळं आणि परत. सात दिवसांचं भाडं ६६५ युरो, साफसफाई आणि गॅसचे १४९ युरो वेगळे, शिवाय १,००० युरो अनामत. सातपैकी पाच दिवस पाऊस. तरी मुलगा परत आल्यावर म्हणाला, "आता घरी कशाला जायचं?" त्या वाक्यानं आमचे पुढचे सात महिने खाल्ले.

जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी बरेच जण हा विचार करतात आणि आकडे बघून थांबतात, म्हणून आम्ही कसे गेलो ते क्रमानं लिहून ठेवते आहे. आमचं गणित तुमचं असेलच असं नाही, पण कुठे काय विचारायचं ते कळलं तरी पुष्कळ.

आधी भाड्यानं घ्या, हे सगळ्यात पहिलं. त्या आठवड्यात जे कळलं ते वर्षभर वाचून कळलं नसतं. आमची भाड्याची गाडी ६.९९ मीटर लांब आणि २.३ मीटर रुंद होती. एका द्राक्षमळ्यांच्या गावात दोन घरांमधल्या बोळात नवऱ्यानं ती दहा मिनिटं इंच इंच मागे घेतली. मी खाली उतरून हात दाखवत होते, मुलगा आत रडत होता. तेव्हाच ठरलं की सहा मीटरच्या आत.

सहा मीटरच्या आत दोन जाती मिळतात. एक म्हणजे कास्टनवागन. मालवाहू व्हॅनचं लोखंडी अंग तसंच ठेवून आत घर बसवलेलं. यातल्या बहुसंख्य गाड्या फियाट डुकाटोवर बांधलेल्या असतात आणि लांबी ५.४१, ५.९९ किंवा ६.३६ मीटर अशी ठरलेली असते. रुंदी साधारण २.०५ मीटर, त्यामुळे मागचा पलंग आडवा टाकता येतो. दुसरी जात अर्धबांधणीची, जर्मनीत तिला टाइलइंटेग्रिएर्ट म्हणतात. पुढचा भाग व्हॅनचा आणि मागे स्वतंत्र खोली जोडलेली. आत ऐसपैस, थंडीत उबदार. पण त्या खोलीच्या भिंती म्हणजे पातळ पत्रा किंवा फायबर, मध्ये फोम, आत प्लायवूड आणि जुन्या गाड्यांत बहुतेकदा लाकडी चौकट. लाकूड आहे म्हटल्यावर पाण्याची भीती आली. हे तेव्हा आम्ही वाचून सोडून दिलं होतं.

आमची बचत २६,००० युरो होती. बँक १०,००० देणार होती. म्हणजे कमाल मर्यादा ३६,०००. नवऱ्याचं म्हणणं ३०,००० च्या आत बसवावं, उरलेले हाताशी असावेत. माझं म्हणणं, एकदाच घ्यायची तर नीट घ्यावी. पण नीट म्हणजे काय, हे मला तरी कुठे माहीत होतं?

ते कळावं म्हणून जानेवारीत श्टुटगार्टच्या सीएमटी प्रदर्शनाला गेलो. विमानतळाला लागून असलेल्या सभागृहांत नवे कॅम्पर ओळीनं उभे असतात. परवडणार नाहीत हे माहीत असूनही जावं. तिथं एकाच लांबीच्या, एकाच डुकाटोवरच्या दोन नव्या गाड्या शोधल्या, एक साधारण ५२,००० युरोंची आणि दुसरी ६९,००० ची. मग दिवसभर मी या गाडीतून त्या गाडीत जात राहिले. इंजिन तेच, गिअर तेच, पुढच्या खुर्च्यासुद्धा त्याच. मग सतरा हजार कशाचे?

काही वरवरचे होते. कडेनं लावलेले दिवे, खोटं चामडं, कपाटाच्या मुठी. ते मी मनातल्या मनात खोडले. पण काही फरक खरे होते. स्वस्त गाडीच्या खिडक्या पत्र्याच्या बाहेरून टांगलेल्या होत्या, महाग गाडीत त्या चौकटीत बसवलेल्या होत्या. सांडपाण्याची टाकी एकीत गाडीखाली उघडी, दुसरीत आवरणात आणि गरम ठेवलेली, म्हणजे थंडीत गोठणार नाही. भिंतीतलं थंडी अडवणारं आवरण महाग गाडीत जाड आणि कोपऱ्यापर्यंत, स्वस्त गाडीत हात घातला तर मागच्या दाराजवळ थेट थंडगार पत्रा लागत होता. कपाटांचं लाकूड उचलून बघा असं तिथल्या एका विक्रेत्यानं सांगितलं. चांगलं प्लायवूड हलकं असतं, आणि जड लाकूड म्हणजे मजबूत असं इथं नसतं. तो असंही म्हणाला की जे दिसत नाही त्याचे पैसे द्या. विक्रेत्याच्या तोंडी हे वाक्य ऐकून मला बरं वाटलं, कारण तो स्वतः चकचकीत दिव्यांखाली उभा होता.

नव्या गाडीच्या छापील किमतीत बरंच काही धरलेलं नसतं हेही तिथंच कळलं. मोठी डिझेलची टाकी, मार्कीज म्हणजे बाजूला उलगडणारं सावलीचं कापडी छप्पर, कागदपत्रं आणि पोचवण्याचा खर्च, हे सगळं वेगळ्या पानावर. आमची ५२,००० ची गाडी त्या पानावरून खाली येईपर्यंत ५९,००० ची झाली. नवी गाडी हा विषय तिथंच संपला.

शोध जुन्या गाड्यांकडे वळला. श्टुटगार्टनं २०१९ मध्ये युरो ४ या प्रदूषण मानकाच्या आणि त्याआधीच्या डिझेल गाड्यांना शहरात बंदी घातली होती, त्यामुळे युरो ६ मिळाली तर बरं, पण स्वस्तात मिळत असेल तर युरो ५ ही बघू असं ठरलं. फेब्रुवारी ते एप्रिल मी सतरा फोन केले आणि त्यातून सहा गाड्या निवडल्या.

पहिली ८ फेब्रुवारीला, हाइलब्रॉनच्या बाजूला. २०१३ ची, अर्धबांधणीची, ५.९५ मीटर, युरो ५. मागणी २७,९०० युरो. एका नावाजलेल्या कंपनीची. आत शिरताच नवऱ्याचा चेहरा उजळला. गाद्यांना नवं कापड, छतावर सोलर, नवी मार्कीज, मागे टीव्हीसुद्धा. आमच्या अंदाजापेक्षा दोन हजारांनी स्वस्त आणि आमच्या यादीपेक्षा जास्त सामान.

मला आधी लिंबाचा वास आला. सुगंधी फवाऱ्याचा. आणि त्याच्या खाली दुसरा वास.

माझं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. जुनं चिऱ्याचं घर, मागची खोली पावसाळाभर बंद. ऑगस्टात ती उघडली की जो कुबट वास यायचा, तो मी कुठेही ओळखेन. फेब्रुवारीतल्या जर्मनीत, एका गाडीत, तो वास माझ्यासमोर उभा राहिला. मी मागच्या पलंगाची गादी उचलली, खिडकीखालच्या कोपऱ्यात बोट दाबलं. भिंत किंचित आत गेली. मग आई माठ घेताना मारते तशी टिचकी मारत मी भिंतीवरून हात फिरवला. मध्ये टणक आवाज, कोपऱ्यात बद्द.

तीस युरोंचं ओलावा मोजायचं यंत्र आम्ही सोबत नेलं होतं. असल्या स्वस्त यंत्राचा आकडा स्वतंत्रपणे खरा धरू नये. आधी गाडीतली जी जागा नक्की कोरडी आहे, उदाहरणार्थ मधल्या कपाटाची आतली बाजू, तिथं मोजावं आणि मग बाकीच्या जागा त्याच्याशी ताडून बघाव्यात. मध्ये ९ येत होते. खिडकीखाली २८, छताच्या मागच्या कोपऱ्यात ३१. मालक म्हणाले, थंडीत काचेवरचं बाष्प उतरतं, सगळ्याच गाड्यांत असतं. असेलही. पण दरवर्षीच्या गळती तपासणीची पुस्तिका मागितली तर तिच्यात २०१७ नंतर शिक्का नव्हता.

परतीच्या वाटेवर आमचं चांगलंच वाजलं. नवरा म्हणाला, "दुरुस्त करून घेऊ. पाच हजार गेले तरी तेहेतीसमध्ये बसतंय, वर मार्कीज फुकट." त्याचं गणित चुकीचं नव्हतं, म्हणून सोमवारी आम्ही फोटो आणि आकडे एका दुरुस्तीवाल्याला पाठवले. उत्तर आलं: सहा ते नऊ हजार, आणि आतली चौकट उघडल्याशिवाय पक्कं सांगता येणार नाही. तीन महिने थांबावं लागेल.

मी नवऱ्याला आमच्या माहेरच्या मागच्या खोलीची गोष्ट सांगितली. बाबा दरवर्षी गणपतीच्या आधी ती भिंत खरवडून रंगवायचे. दिवाळीपर्यंत छान दिसायची. पुढच्या श्रावणात पुन्हा पोपडे. बारा वर्षांनी छताचं वळचणीचं लाकूड बदललं तेव्हा कळलं की पाणी भिंतीतून येतच नव्हतं, वरून येत होतं. बारा वर्षांच्या रंगाचे पैसे त्या एका लाकडापेक्षा जास्त झाले होते. नवरा बराच वेळ गप्प बसला आणि मग त्यानं यादीतून ती गाडी काढली. त्या दिवसापासून आमच्या वहीत किमतीच्या रकान्याआधी एक नवा रकाना आला: कोरडी आहे का?

दुसरी गाडी १ मार्चला उल्ममध्ये, विक्रेत्याच्या आवारात. २०१७ चा कास्टनवागन, ४१,९०० युरो. बजेटच्या बाहेर, पण विक्रेत्याकडून घेण्याचा एक मोठा फायदा समजून घ्यायचा होता. व्यावसायिक विक्रेत्याला जुन्या गाडीतल्या मूळ दोषांची जबाबदारी किमान एक वर्ष टाळता येत नाही. आणि १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमानुसार पहिल्या बारा महिन्यांत दोष निघाला तर तो आधीपासूनच होता असं धरलं जातं, नव्हता हे विक्रेत्यानं सिद्ध करायचं. खासगी मालक मात्र करारात एका ओळीनं ही जबाबदारी झटकू शकतो, आणि जवळजवळ सगळेच झटकतात. त्यामुळे विक्रेत्याकडची गाडी तीन-चार हजारांनी महाग असेल तर ते पैसे वाया गेले असं समजू नका.

ती गाडी कोरडी होती, सुंदर होती. अडलं वजनापाशी. नोंदणीच्या कागदावर एफ.१ या रकान्यात जास्तीत जास्त वजन असतं आणि जी या रकान्यात प्रवासाला तयार गाडीचं वजन. हिचे आकडे ३,३०० आणि २,८६५ होते. वाटतं, ४३५ किलो म्हणजे पुष्कळ. मग आम्ही तिथंच बाकावर बसून वजा करत गेलो. नंतर बसवलेली मार्कीज, सायकलींचा स्टँड, दुसरी बॅटरी, ओढणीचा हूक मिळून १५०. मी आणि मुलगा ८०. चालकाचे ७५ किलो आधीच धरलेले असतात, पण नवरा ८४ चा आहे, म्हणून ९. पाण्याची टाकी १०० लिटरची, पण कागदावर प्रवासासाठी फक्त २० लिटर धरलेलं, म्हणजे भरून निघालो तर आणखी ८०. उरले ११६ किलो. त्यात तीन सायकली, तंबूच्या खुर्च्या, कपडे, पुस्तकं, डाळ-तांदूळ आणि माझा कुकर. ३,३०० चे ३,५०० कागदोपत्री वाढवून घेता येतात, बऱ्याच गाड्यांत ते तज्ज्ञाचा दाखला आणि काही शे युरोंचं काम असतं. पण ४१,९०० वर आणखी खर्च नको झाला. बी वर्गाच्या परवान्यावर ३,५०० किलोच्या वर जाता येत नाही, हेही लक्षात ठेवायचं. भारतीय परवाना इथं राहायला आल्यापासून सहाच महिने चालतो, तो ज्यांनी अजून बदललेला नाही त्यांनी आधी ते काम हाती घ्यावं.

तिसरी गाडी आम्ही बघितलीच नाही म्हणायला हरकत नाही. फोटोत अप्रतिम, २४,५०० युरो, आणि बघायला येण्याआधी ८०० युरो पाठवले तर राखून ठेवतो असा निरोप. पाठवू नका. चौथी एका तरुण जोडप्यानं स्वतः बांधलेली होती, सुतारकाम इतकं देखणं की मी कपाटांवरून हात फिरवत राहिले. पण कागदावर ती अजून मालवाहू व्हॅनच होती आणि गॅसची जोडणी त्यांनी स्वतः केलेली, तपासणीची पिवळी पुस्तिका नाही. पाचव्या गाडीत तिसऱ्या माणसाला सीटबेल्टचा पट्टा नव्हता. जाहिरातीत झोपायच्या जागा चार लिहिल्या होत्या आणि आम्ही पट्ट्यांच्या जागा विचारल्याच नव्हत्या. दोनशे किलोमीटर जाऊन परत आलो. फोनवरच विचारा.

सहावी गाडी ओबरश्वाबेनमधल्या एका खेड्यात होती, बाड वाल्डझेच्या पुढे. हा भागच कॅम्परवाल्यांचा. वाल्डझेला कॅम्पर बनवणाऱ्या हायमर कंपनीचं गाव म्हणतात, तिथं त्यांचं संग्रहालयही आहे. तिथून जवळच्या इस्नीत आरिस्ट डेटलेफ्स यांनी १९३१ मध्ये जर्मनीतलं पहिलं प्रवासी घर बांधलं. ते फिरतीवर असायचे आणि चित्रकार पत्नीला सोबत जायचं होतं म्हणून. मला ही गोष्ट फार आवडते. भारीपणासाठी नव्हे, एकत्र राहता यावं म्हणून बांधलेली ती गाडी होती.

सहाव्या गाडीचे मालक एक आजी-आजोबा होते. फोनवर मी आजोबांना दोन विनंत्या केल्या. पाण्याची टाकी भरून ठेवाल का आणि फ्रिज आदल्या रात्रीपासून चालू ठेवाल का? यामागे कारण आहे. हिवाळ्यात सगळे मालक पाणी काढून टाकतात, आणि रिकाम्या नळ्यांत गळती दिसत नाही. ट्रुमा कंपनीच्या हीटरमध्ये एक झडप असते, तापमान साधारण ३ अंशांपर्यंत उतरलं की ती आपोआप उघडून बॉयलरमधलं पाणी सोडून देते. पण नळाच्या आतलं पाणी ती काढून टाकत नाही. तिथं गोठलं की तडा. शोषण पद्धतीचा फ्रिज गॅसवर, घरगुती विजेवर आणि गाडी चालू असताना बॅटरीवर, अशा तिन्हींवर चालायला हवा आणि थंड व्हायला त्याला कित्येक तास लागतात. तासाभराच्या भेटीत तो बिघडला आहे की नाही ते कळत नाही. आजोबा म्हणाले, "तुम्ही याआधी कॅम्पर घेतला आहे वाटतं." मी म्हटलं, "नाही, पाच घेतले नाहीत."

५ एप्रिल, शनिवार. २०१८ चा कास्टनवागन, ५.९९ मीटर, युरो ६, १३० अश्वशक्ती, ६१,००० किलोमीटर. मागणी ३८,५०० युरो. दिसायला आजवरची सगळ्यात साधी. गाद्या गडद तपकिरी, आम्हाला दोघांनाही न आवडलेल्या. टीव्ही नाही, सोलर नाही. उजव्या बाजूला कुंपणाला घासल्याचा हातभर ओरखडा. आजींनी तो स्वतः दाखवला, आम्ही विचारण्याआधी.

मग त्यांनी एक जाड फाइल टेबलावर ठेवली. सात वर्षांची सगळी बिलं, तारखेनुसार. गॅसच्या तपासण्या, ट्यूफच्या म्हणजे गाडीच्या ठरावीक मुदतीच्या सक्तीच्या तपासण्या, आणि गावातल्या धान्याच्या वजनकाट्याची पावती. आपल्याकडे कारखान्यावर उसाची गाडी काट्यावर चढते तशीच ही चढवली होती, पाणी, डिझेल, गॅस भरून, माणसं सोडून. २,९६० किलो. परवानगी ३,५०० ची. म्हणजे तीन माणसं आणि सामान मिळून ५४० किलो, आणि हा आकडा कंपनीचा नव्हता, काट्याचा होता. फाइलच्या मागे एक वही. आजींच्या अक्षरात प्रत्येक सहलीची नोंद: किती रात्री, किती गॅस, कुठलं बिजागर घट्ट केलं, कधी खिडकीचे रबर ग्लिसरीननं पुसले.

मी सगळीकडे यंत्र लावलं. मागच्या दारांच्या कोपऱ्यात, छतावरच्या खिडक्यांभोवती, न्हाणीघराच्या तळाशी. ८, ९, ८, १०. सरकत्या दाराच्या खालच्या कडेला मात्र गंजाचा करडा पट्टा होता. लोखंडी अंगाच्या गाडीत ही नेहमीची जागा आहे, खाली वाकून टॉर्च मारून बघावी. टायरवर शेवटचे चार अंक ४२१७ होते, म्हणजे २०१७ चा बेचाळिसावा आठवडा. खाचा खोल होत्या, पण टायर साडेसात वर्षांचे. कॅम्परचे टायर झिजून नाही, वय होऊन जातात. शिवाय १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी म्हणून पर्वत आणि हिमकणाचं चिन्ह असलेलेच टायर चालतात, यांच्यावर ते नव्हतं.

आम्ही लगेच हो म्हटलं नाही. आजोबांना विचारून गाडी त्यांच्याच भागातल्या एका स्वतंत्र तपासणी केंद्रावर नेली, पण त्यासाठी १६ एप्रिलची वेळ मिळाली. मधले अकरा दिवस मला झोप नव्हती. तेवढ्यात कोणी दुसऱ्यानं घेतली तर? आजोबांना मी तेही विचारलं. ते म्हणाले, "सोळा तारखेपर्यंत तुमची." काही लिहून घेतलं नाही, आगाऊ पैसे घेतले नाहीत, आणि त्यांनी शब्द पाळला.

तपासणीचे १६५ युरो गेले. अहवालात तीन गोष्टी: मागच्या ब्रेकच्या चकत्या अर्ध्या झिजलेल्या, दारावरचा गंज वरवरचा, आणि टायमिंगचा पट्टा अजून मूळचाच. या इंजिनात तो साधारण पाच वर्षांनी बदलावा असं तिथल्या माणसानं सांगितलं. चालत्या इंजिनात तुटला तर इंजिनच जातं. खर्चाचा अंदाज पट्ट्याचे ९५०, टायरचे ७५०, गंजाचे ३००. बेरीज दोन हजार. आम्ही तो कागद आजोबांपुढे ठेवला आणि ३६,५०० म्हणालो. एरवी मी भाजीवाल्याशीही घासाघीस करते, इथं मात्र वेगळं काही बोलावं लागलं नाही. त्यांनी कागद दोनदा वाचला, आजींकडे बघितलं आणि हात पुढे केला.

आमच्या मर्यादेपेक्षा पाचशे जास्त. त्या रात्री आम्ही पुन्हा दोन्ही गाड्या शेजारी शेजारी मांडल्या. हाइलब्रॉनची २७,९०० अधिक सहा ते नऊ, म्हणजे ३४ ते ३७, आणि तरी भिंतीत काय आहे ते माहीत नाही. ही ३६,५०० अधिक दोन, म्हणजे ३८,५००, आणि सगळं माहीत. नवऱ्यानं स्वतःच फरक काढला आणि म्हणाला, "हे दीड ते साडेचार हजार शांत झोपेचे." आईला फोनवर आकडा सांगितला तेव्हा तिनं त्याचे लगेच रुपये केले, पस्तीस लाखांच्या आसपास, आणि थोडा वेळ काही बोलली नाही. मीही नाही. त्या पैशात आमच्याकडे काय काय होतं हे दोघींनाही माहीत होतं.

करार २६ एप्रिलला केला. एडीएसी या मोटारचालक संघटनेचा जुन्या गाडीच्या कराराचा नमुना फुकट मिळतो, तोच छापून नेला. त्यात किल्ल्यांची संख्या, सोबतच्या वस्तू आणि ताबा देण्याची तारीख-वेळ भरा. गाडी चालू नोंदणीवर असेल तर ही वेळ महत्त्वाची, कारण त्यानंतर काही झालं तर जबाबदारी कोणाची ते तिच्यावर ठरतं.

पैशांचं एक सांगायलाच हवं. आमच्या बँक खात्याची ऑनलाइन मर्यादा दिवसाला १०,००० होती. वाढवून मागितली तर मंजुरीला दोन कामाचे दिवस लागले. शनिवारी गाडी घ्यायला जाऊन तिथं हे कळलं असतं तर? आम्ही शुक्रवारी, २ मे ला पैसे पाठवले, आजोबांच्या खात्यात दिसल्यावर ३ मे ला गाडी आणली. आजींनी पायपुसणं झटकून आत ठेवलं, शेवटचं. त्या दाराशी बराच वेळ उभ्या होत्या.

नोंदणीची वेळ ७ मे ची. कागद हे: नोंदणीपत्राचा पहिला आणि दुसरा भाग, ट्यूफचा अहवाल, विमा कंपनीनं दिलेला ईव्हीबी म्हणजे विमा असल्याचा क्रमांक, कर खात्यातून कापून घेण्याची संमती आणि ओळखपत्र. सगळं होतं. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, पत्त्याचा पुरावा? मी पासपोर्ट पुढे केला. त्याच्या शेवटच्या पानावर पत्ता आहे, पण तो संगमेश्वर तालुक्यातला. भारतीय पासपोर्टवर नोंदणी करत असाल तर शहराच्या कार्यालयातून राहत्या पत्त्याचा दाखला आधीच घेऊन जा. मला तो आणायला पळावं लागलं आणि नवी वेळ १४ मे ची मिळाली. आजोबांना फोन करून सांगितलं की गाडी आणखी आठवडाभर तुमच्या नावावर आणि तुमच्या विम्यावर राहील. मला फार ओशाळल्यासारखं झालं. ते म्हणाले, "मग तोवर जपून चालवा."

१४ तारखेला पाऊण तासात काम झालं. हव्या त्या क्रमांकाचे राखणीसह १२.८० युरो, पाट्यांचे समोरच्या दुकानात २८. रस्ता कर ३.५ टनांच्या आणि आमच्या गाडीच्या प्रदूषण वर्गाच्या कॅम्परला वर्षाला २४० युरो, विमा ४९०. ठरावीक महिन्यांची हंगामी पाटी घेतली तर हे दोन्ही कमी होतात, पण बाकीचे महिने गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीसुद्धा करता येत नाही. आमच्याकडे खासगी जागा नाही, म्हणून बारमाही घेतली.

मग दुरुस्त्या. पट्टा ९४०, टायर ७२०, गंजाचे २६०. गॅसची तपासणी दोन वर्षांनी असते, आमची मे मध्येच संपत होती. १९ जून २०२५ पासून ती कॅम्परना सक्तीची होणार होती, त्यामुळे सगळीकडे गर्दी उसळलेली. तीन ठिकाणी नकार मिळाला, चौथ्यानं ४ जूनची वेळ दिली. ६५ युरो, अर्धा तास. गॅसच्या नळ्या आणि दाब नियंत्रक दहा वर्षांनी बदलावे लागतात, त्यावर तारीख छापलेली असते. आमच्या २०२८ पर्यंत चालतील. जुनी गाडी बघताना हा छापही बघून घ्या.

पेंटेकोस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीत पहिल्यांदा निघालो. १२ जूनला आल्गॉयमधल्या एका तळ्याकाठी पोचलो. रात्री दोन वाजता वादळ आलं. मुलगा उठला नाही. आम्ही दोघं जागे, छतावर पावसाचा मारा ऐकत. मी उठून अंधारातच मागच्या दाराच्या कोपऱ्यात तळवा टेकवला, मग छतावरच्या खिडकीच्या कडेला.

सकाळी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. किती पैसे, किती किलोमीटर, काही नाही. गाडीत नजर फिरवायच्या आधीच त्यांनी विचारलं, "ओल नाही ना?" मी फोन कोपऱ्याजवळ नेला, यंत्र लावलं आणि त्यांना आकडा दाखवला. फोन ठेवल्यावर आजींची वही काढली. त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ सोडून तारीख घातली आणि मराठीत लिहिलं: रात्रभर पाऊस. मागचा कोपरा ९, वरची खिडकी ८. तांदूळ संपत आले.